सिनेमा गेला, पुस्तिका राहिली

१९४० ते १९६० मधल्या एखाद्या विसरलेल्या मराठी चित्रपटाचा माग काढायला बसलं की हाती बहुधा एवढंच असतं: एक नाव, एक साल (तेही वादातलं), कधीतरी रेडिओवर लागलेलं एखादं गाणं आणि "त्यात अमुक होते म्हणे" अशी कुणाची तरी आठवण. प्रिंट नसते, पटकथा नसते, निर्मितीसंस्था दोन चित्रपटांत बुडालेली असते. तरी काम अडत नाही. चित्रपट नाहीसा झाला तरी त्याच्या निमित्ताने छापलेले कागद दहा ठिकाणी पांगलेले असतात आणि सगळे एकदम नष्ट होत नाहीत. खरी अडचण पुढे येते. हे कागद एकमेकांशी भांडतात.

ते भांडण सोडवायला प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: तू छापला गेलास कधी, आणि छापणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होतं? गाण्यांची पुस्तिका प्रदर्शनाच्या आधी छापलेली असते, जाहिरात विकणाऱ्याची असते, आत्मचरित्र चाळीस वर्षांनी लिहिलेलं असतं, आणि इंटरनेटवरची यादी या सगळ्यांवरून कुणीतरी उतरवून घेतलेली असते. खोटं कुणी बोलत नाही असं नाही, पण बहुतेक गोंधळ खोटेपणाने होत नाही, वेळेने होतो.

प्रिंट का नाही, हे थोडक्यात. १९५०च्या आसपासपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असे. ती पेट घेते, आणि पेटली नाही तरी सडते. जुन्या रिळांतली चांदी काढून घेण्यासाठी ती भंगारात विकली गेली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं गेली. या आगीबद्दल एक सावधगिरी. 'आलम आरा' त्याच आगीत जळाला असं आजही सर्रास छापून येतं. त्याची प्रिंट संग्रहालयात कधी आलीच नव्हती, असं संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा "आगीत गेला" हे वाक्य दिसलं की आधी विचारावं: तो तिथे होता हे कोणत्या नोंदीवरून?

आता पुस्तिकेकडे. प्रिंट नसलेल्या चित्रपटाचा सगळ्यात बोलका कागद हाच. थिएटरच्या दारात विकली जाणारी चार-आठ पानांची ही चीज: मुखपृष्ठावर नायिका, आत श्रेयनामावली, मग कथासार, मग गाण्यांचे शब्द. कथासार नेमकं रंगात येतं आणि "पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा" म्हणून थांबतं. शेवट कळत नाही म्हणून चिडू नये, शेवट परीक्षणात मिळतो. त्या काळचे परीक्षक शेवट फोडायला अजिबात कचरत नसत.

पुस्तिकेवर तारीख जवळपास कधीच नसते. पण १८६७ च्या कायद्यामुळे मुद्रकाचं नाव आणि मुद्रणाचं ठिकाण छापावं लागत असे, म्हणून आधी शेवटच्या पानाची तळची ओळ वाचायची. मग किंमत. किंमत आण्यांत असेल तर पुस्तिका बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४ मधली, कारण १ जून १९६४ पासून "नये" गळालं. पत्त्यात "मुंबई ४" असा एक-दोन आकडी विभाग आहे की सहा आकडी पिनकोड, तेही पाहायचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. १९४५ च्या चित्रपटाच्या पोस्टरवर तो दिसला तर ते पोस्टर पुनर्प्रदर्शनाचं आहे, आणि त्यावरची नावं, क्रम, चेहरे १९४५ चा पुरावा म्हणून धरता येत नाहीत. पहिल्या वेळी कोपऱ्यात असलेला नट नंतर मोठा झाला की पुनर्प्रदर्शनाच्या पोस्टरवर मधोमध येतो. तेवढ्यावरून "पदार्पणातच नायक" अशी चरित्रं लिहिली जातात.

पुस्तिकेतली दुसरी खोच गाण्यांची. ती छापायला जाते तेव्हा अंतिम संकलन व्हायचं असतं. म्हणून पुस्तिकेत नऊ गाणी आणि पडद्यावर सात, हे नेहमीचं. तसंच ध्वनिमुद्रण झालं, पण चित्रपटात गाणंच नाही, असंही होतं. लता मंगेशकरांनी 'किती हसाल' (१९४२) साठी गायलेलं पहिलं गाणं असंच वगळलं गेलं. तेव्हा नोंद करताना "चित्रपटातली गाणी" असा एकच रकाना करू नये. पुस्तिकेत, तबकडीवर, उपलब्ध प्रतीत, असे तीन करावेत. हिंदीसाठी हरमंदिर सिंह 'हमराज़' यांच्या 'हिन्दी फिल्म गीत कोश'चे दशकवार खंड आहेत आणि १९४१-५० चा खंड द्विभाषिक चित्रपटांच्या कामात मराठी शोधणाऱ्यालाही लागतोच.

द्विभाषिक हा स्वतंत्र सापळा आहे. प्रभातने 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) अशा जोड्या काढल्या. हे डबिंग नव्हे. दृश्यं दोनदा चित्रित होत आणि नटही बदलत. 'शेजारी'त केशवराव दाते, तर 'पडोसी'त त्या जागी मझहर खान. याद्यांमध्ये दोन्हींची श्रेयनामावली एकमेकांत मिसळलेली दिसते. त्यातून इंग्रजी नावं वेगळीच असत. 'कुंकू' जाहिरातीत 'द अनएक्स्पेक्टेड' म्हणूनही येतो. हे नाव माहीत नसेल तर इंग्रजी वृत्तपत्रातली नोंद डोळ्यांसमोरून निघून जाते.

वृत्तपत्रात शिरताना आधी कोणतं पत्र रोजचं होतं ते पाहावं. 'केसरी' १९६२ पर्यंत दैनिक नव्हता, त्यामुळे नेमक्या प्रदर्शनाच्या दिवसासाठी त्यात शोधत बसण्यात अर्थ नाही. पुण्यासाठी 'सकाळ', कोल्हापूरसाठी 'पुढारी', मुंबईसाठी 'बॉम्बे क्रॉनिकल' (१९५९ पर्यंत) आणि १९४८ नंतर 'लोकसत्ता'. 'क्रॉनिकल'चे अंक एशियाटिक सोसायटीच्या 'ग्रंथसंजीवनी'वर पाहता येतात. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकाचे अनेक अंक इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. पटेलांचा राग-लोभ जगजाहीर होता, म्हणून त्यांच्या परीक्षणातलं मत बाजूला ठेवावं आणि तपशील घ्यावा: कथा, कोण कुणाच्या भूमिकेत, कोणत्या थिएटरला.

शोधण्याचा सोपा रस्ता उलटा आहे. प्रदर्शनाचा दिवस शोधत पुढे जाण्यापेक्षा चालू चित्रपटाची जाहिरात पकडून मागे मोजायचं. समजा २२ मार्च १९४६, शुक्रवारच्या अंकात "७ वा आठवडा" असं आहे. सातवा आठवडा त्याच दिवशी सुरू होत असेल तर सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस मागे: ८ फेब्रुवारी १९४६. जाहिरात बुधवारची असेल तर आधी त्याच्या मागचा शुक्रवार गाठायचा. मग ८ तारखेचा अंक काढून "आज" किंवा "आजपासून" दिसतं का ते पाहायचं. हिशोब इथेच फसतो, तो दोन कारणांनी. एक, चित्रपट एका थिएटरमधून दुसऱ्यात गेला तरी आठवडे पुढे मोजत राहतात, त्यामुळे जाहिरातीतल्या थिएटरमध्ये तो पहिल्या दिवशी नसू शकतो. दोन, पुण्यातला पहिला दिवस म्हणजे मुंबईतला पहिला दिवस नव्हे. एकच "प्रदर्शन तारीख" लिहिण्याऐवजी शहर आणि थिएटरसह लिहावी. आणि शुक्रवारची सवय सगळ्या काळाला लावू नये. 'आलम आरा' मॅजेस्टिकला लागला तो १४ मार्च १९३१, शनिवार होता.

अंकावर शक आणि तिथी असेल तर आणखी एक चूक हमखास होते. शकात ७८ मिळवून मोकळं होतात. ते डिसेंबरपर्यंतच खरं. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. शके १८६७ मधला माघ हा १९४६ चा, १९४५ चा नव्हे. काही चित्रपटांची दोन-दोन सालं फिरतात त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

मजकूर-शोधावर विसंबू नका. जुन्या छपाईच्या खिळ्यांच्या देवनागरीवर यंत्राचं वाचन फार कच्चं असतं आणि रोमन लिपीत प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. 'चिमुकला संसार' (१९४३) घ्या: 'मु'ला एक यू की दोन ओ, 'क' आणि 'ला'च्या मध्ये ए आहे की नाही, 'सं'ला एन की एम, 'सा'ला एक ए की दोन. एवढ्यानेच सोळा रूपं झाली. म्हणून नावाऐवजी थिएटर आणि आठवडा धरून पानं डोळ्यांनी पाहणं शेवटी लवकर होतं. पानाचा फोटो फ्लॅश न मारता घ्यायचा आणि एक फोटो वरच्या तारखेच्या पट्टीसकट घ्यायचाच. नुसती कापलेली जाहिरात वर्षभराने निरुपयोगी ठरते. फाइलला नाव देताना साल, महिना, दिवस, पत्र, पान याच क्रमाने द्यावं, म्हणजे ती आपोआप तारखेवार लागतात.

सेन्सॉरच्या नोंदींकडे लोक वळत नाहीत, आणि खरा खजिना तिथे असतो. १९५१ च्या जानेवारीत केंद्रीय मंडळ येईपर्यंत प्रांताप्रांतांची मंडळं होती, मराठी चित्रपटाचा संबंध मुख्यतः मुंबईच्या मंडळाशी. प्रमाणित चित्रपटांच्या याद्या सरकारी राजपत्रात येत: नाव, अर्जदार, रिळं, फुटांत लांबी, तारीख. जुन्या गृहखात्याच्या फायली मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात पाहाव्यात. कोल्हापुरात बनलेल्या चित्रपटासाठी आणखी एक दार आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यापूर्वीचे स्टुडिओंचे, जागांचे, परवानग्यांचे कागद तिथल्या पुराभिलेखागारात शोधायचे.

फुटांतली लांबी म्हणजे चित्रपटाची फूटपट्टीच. ३५ मिमीला एका फुटात १६ चौकटी (फ्रेम), सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं भरलेलं रीळ अकरा मिनिटांच्या किंचित वर चालतं. पण "१४ रिळं" म्हणजे १४,००० फूट नव्हे, रिळं काठोकाठ भरत नसत. राजपत्रात फूट मिळाले तर रिळांवरून अंदाज करू नये. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आलं आणि चित्रपटाला ११,००० फुटांची, म्हणजे सुमारे १२२ मिनिटांची मर्यादा पडली. तेव्हा त्या काळातला चित्रपट आखूड दिसला तर लगेच "कापलेला" म्हणायला नको.

उदाहरण करून पाहू. राजपत्रात १२,६०० फूट आहे, म्हणजे १४० मिनिटं. हाती आलेली व्हिडिओ प्रत ११८ मिनिटांची. बावीस मिनिटं गेली? थांबा. आपल्याकडची टीव्ही आणि टेपची प्रत सेकंदाला २५ चौकटींची असते, २४ चौकटींची फिल्म त्यात थोडी जलद पळते. ११८ ला २५ ने गुणून २४ ने भागलं की फिल्मची खरी लांबी जवळपास १२३ मिनिटं. हरवली सतरा मिनिटं, म्हणजे सुमारे १,५४० फूट, दीड रीळ. त्यात गाणी किती बसतात ते पुस्तिकेशी ताडून पाहायचं. अशा प्रतींत गाणीच आधी गेलेली असतात, कारण गाण्याचे तुकडे कापून ठेवण्याची हौस पुष्कळांना होती.

कोणतं रीळ गेलं हे कळायला पडद्याचा उजवा वरचा कोपरा पाहायचा. रीळ संपण्याच्या साधारण आठ सेकंद आधी तिथे एक ठिपका चमकतो, आणि संपायला एक सेकंद उरला असता दुसरा. प्रोजेक्टर बदलण्यासाठीची ही खूण फक्त चार चौकटी, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग टिकते. प्रत हळू वेगाने चालवायची आणि प्रत्येक ठिपक्याची वेळ लिहून काढायची. दहा-दहा मिनिटांनी ठिपके येत असतील तर रिळं नीट आहेत. दोन जोड्यांमध्ये सहाच मिनिटं असतील तर त्या रिळाच्या पोटातून काहीतरी कापलं आहे. दृश्य मध्येच तुटतं आणि ठिपकाच नाही, तर रिळाचं शेपूट गेलं आहे. अधूनमधून छापील गोल ठिपक्याशेजारी खिळ्याने ओढलेली फुली दिसते. ती ऑपरेटरची. रिळाची टोकं झिजून तुटली, पुन्हा जोडली, की त्याची मूळ खूण चुकीच्या जागी पडते आणि तो स्वतःची करतो. म्हणजे ही प्रिंट भरपूर चाललेली आहे. व्हिडिओ करताना कडा कापल्या असतील तर मात्र या पद्धतीचा उपयोग नाही.

प्रतीच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसलं की त्यावरची तारीख चित्रपटाची म्हणून लिहू नये. १९५२ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र दहा वर्षं चाले (ही मुदत २०२३ मध्ये काढली), मग ते नव्याने घ्यावं लागे. १९४८ च्या चित्रपटावर १९६२ चं प्रमाणपत्र असणं अगदी स्वाभाविक आहे. त्यावरची लांबीसुद्धा त्या वेळी सादर केलेल्या प्रतीची. मूळ लांबी नव्हे, पण कापाकापी कधी झाली हे ठरवायला ती उपयोगी पडते.

तबकड्यांचं शास्त्र वेगळं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून पडद्यावरच्या गाण्यात जास्तीचं कडवं असू शकतं. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा. लेबलाभोवतीच्या काळ्या गुळगुळीत भागात दाबून उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाचा. दिवा आडवा धरला तर तो वाचता येतो. एकाच चित्रपटाच्या गाण्यांचे मॅट्रिक्स क्रमांक लागून असतील तर ती एका बैठकीत किंवा जवळच्या दिवसांत मुद्रित झाली. एखादा फार दूरचा असेल तर ते गाणं नंतर घातलं किंवा नंतर गाऊन घेतलं असण्याची शक्यता. लेबलवरच्या नावावर जाऊ नये. 'महल'च्या (१९४९) प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर आधी लताबाईंऐवजी पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतं. गायिकेचा करार दुसऱ्या कंपनीशी असला तर तबकडीवर भलत्याच कुणाचा आवाजही सापडतो.

माणसांची नावं हा तर न संपणारा घोळ. 'सुलोचना' म्हणजे मूकपटाच्या काळापासूनची रूबी मायर्स, की सुलोचना लाटकर, की लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण, ज्या लग्नाआधी कदम म्हणून पार्श्वगायन करत? तिघींच्या कारकिर्दी एकमेकींवर चढलेल्या आहेत आणि याद्यांमध्ये तिघींची खिचडी झालेली आहे. सी. रामचंद्र मराठीत राम चितळकर आणि गायक म्हणून नुसते चितळकर. साठच्या दशकातले संगीतकार आनंदघन म्हणजे लताबाई. यावर उपाय एकच. श्रेयनामावलीत जसं छापलंय तसंच अक्षरशः उतरवायचं, 'मा.', 'बेबी', 'मिस' सकट. ती व्यक्ती कोण हे आपलं अनुमान वेगळ्या रकान्यात.

कलाकार-तंत्रज्ञांच्या घरी जाण्याची वेळ आली तर "तुमच्या वडिलांच्या सिनेमाबद्दल सांगा" असं विचारू नये. पाठ झालेला किस्सा ऐकायला मिळतो. "फोटोंचा अल्बम आहे का, करारपत्रं, हिशोबाच्या वह्या, तबकड्या?" असं विचारावं. वस्तू समोर आली की आठवणी आपसूक निघतात आणि त्या वस्तूशी ताडता येतात. फोटोची मागची बाजू पाहायची विसरू नये, स्टुडिओचा शिक्का तिथे असतो.

आणि माळ्यावर डबा निघालाच तर हावरेपणा आवरावा. गंजलेलं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट (नायट्रेटनंतरची 'सेफ्टी' फिल्म) सडायला लागलं आहे, तो डबा बाकीच्यांपासून वेगळा, थंड जागी. चिकट, फसफसलेली, तपकिरी भुकटी सुटलेली फिल्म नायट्रेट असू शकते. ती स्वतःचा प्राणवायू स्वतः तयार करते, पाण्याने विझत नाही, म्हणून घरात ठेवू नये, गाडीच्या डिकीत उन्हात तर नाहीच. हात न लावता पुण्याच्या संग्रहालयाला कळवावं. फिल्मच्या कडेवर 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' छापलेलं असतं, पण सेफ्टी फिल्मवर काढलेल्या नकलेत मूळ नायट्रेटच्या कडेवरची अक्षरंही उतरलेली असू शकतात. दोन्ही शब्द दिसले तर धोक्याचंच गृहीत धरावं. कोडॅकच्या कडेवरची चौकोन-वर्तुळाची सालदर्शक चिन्हं दर वीस वर्षांनी पुन्हा तीच येत, १९३८ आणि १९५८ ला एकच खूण. शिवाय ते साल कच्च्या फिल्मचं, चित्रपटाचं नव्हे.

हे सगळं एका तक्त्यात. प्रत्येक ओळीत एकच बाब: काय, कुठे छापलेलं, कोणत्या तारखेचं, कोणतं पान, मूळ पाहिलं की नक्कल, कधी पाहिलं. दोन आधार जुळले म्हणून खूश होण्यापूर्वी दुसऱ्याने पहिल्याचंच उतरवलं नाही ना, ते पाहावं. ओळखायचं चुकीवरून. दोन्हीकडे एकाच नावाची तीच अशुद्ध छपाई असेल तर आधार एकच आहे.

जे सापडलं नाही तेही त्याच तक्त्यात लिहायचं, आणि नेमकं लिहायचं. "सकाळमध्ये काही नाही" ही नोंद नव्हे. "सकाळ, जानेवारी ते जून १९४६, पान १ ते ४ पाहिली, जाहिरात नाही, १२ ते १९ मार्चचे अंक बांधणीत नाहीत" ही नोंद. पुढे कुणाला तो एक आठवडा दुसऱ्या ग्रंथालयात मिळाला तर बाकीचे सहा महिने पुन्हा उलटावे लागणार नाहीत.